जुनी येझदी रोडकिंग: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी तो आधीच सांगतो. ऐंशीच्या दशकातली पॉइंटवाली (प्लगची ठिणगी यांत्रिक स्विचने पाडणारी) येझदी रोडकिंग, ही टू-स्ट्रोक मोटरसायकल, रोजच्या वापराला लावता येते, पण घेतल्या घेतल्या नाही. माझ्या गाडीचं लोखंड बेअरिंग सोडली तर उत्तम निघालं, गेलं होतं ते रबर. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन बाजूंच्या दोन ऑइल सीलांनी (दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांनी) आधीच्या मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला कार्बोरेटरच्या मागे धावायला लावलं होतं.

गाडी सांगलीकडची. कागद स्वच्छ होते, टाकीला मूळ रंग होता आणि विकणाऱ्याच्या तोंडी वाक्यागणिक 'व्हिंटेज' होतं. त्या शब्दापायी जास्त पैसे मोजू नका. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपातली गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावाने रोडकिंग बनवायला घेतली १९७८ मध्ये आणि कारखाना बंद झाला १९९६ मध्ये, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. १५ वर्षांपुढच्या कोणत्याही गाडीसारखं आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हिलाही लागतोच.

आता दुखणं. थंड असताना एक-दोन किकमध्ये चालू. पाच-सहा किलोमीटर गेलं, इंजिन तापलं, की आयडलिंग आपोआप चढायचं. सिग्नलला थांबलं की गाडी स्वतःच रेस घेतल्यासारखी गुरगुरायची आणि मग एकदम बंद पडायची. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की मिसिंग सुरू, म्हणजे इंजिन मध्येच झटके खायचं. मागे पांढरा धूर इतका, की मागचा स्कूटरवाला ओव्हरटेक करताना वळून बघायचा. आणि प्लग काढला तर काळाकुट्ट, ओला.

इथेच गंमत आहे. काळा ओला प्लग म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड, पेट्रोल किंवा ऑइल जास्त. आपोआप चढणारं आयडलिंग म्हणजे मिश्रण पातळ, कुठून तरी हवा जास्त. ही दोन लक्षणं एकमेकांच्या उलट, तरी एकाच इंजिनात नांदत होती. आधीच्या मेकॅनिकने धूर पाहून जेटची सुई खाली केली, म्हणजे मिश्रण पातळ केलं. मग दुसऱ्या कोणी तरी चढावरचं मिसिंग पाहून मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) बसवला, म्हणजे पुन्हा जाड केलं. मालकाने इंजिन जपायचं म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. खरं तर ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होतं. एका दुखण्याचं औषध दुसऱ्या दुखण्याला वाढवत होतं.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि तीच कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा ओढते. म्हणून क्रँककेस हवाबंद हवा. येझदीत क्रँकच्या उजव्या टोकाला डायनॅमो आणि पॉइंट, ती बाजू कोरडी. डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच, तिथे गिअर ऑइल. उजवं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, डावं गेलं की गिअर ऑइल ओढून जाळतं. दोन्ही गेली, तर प्लग काळा आणि इंजिन मात्र हवेने फुगलेलं. धुराला पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचा ओळखीचा वास नव्हता, जळक्या जाड ऑइलचा होता. त्यावरून डाव्या सीलची शंका आली. गिअर ऑइल बदललं, घालताना मापून घातलं, काही दिवसांनी काढून पुन्हा मापलं. बाहेर थेंबभर गळती नाही, तरी माप बरंच कमी निघालं.

तरी इंजिन लगेच खोललं नाही. साताऱ्यातले आमचे जुने फिटर, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, त्यांनी आधी प्रेशर टेस्ट करायला लावली. 'अंदाजावर इंजिन खोलायचं न्हाई,' एवढंच म्हणाले. दोन्ही सायलेन्सर उतरवून दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबर आणि पट्टीने बंद केले, कार्बोरेटर काढून ते तोंड बंद केलं, पिस्टन खाली आणला आणि प्लगच्या जागी नळी बसवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला घरातलं जुनं बीपीचं यंत्र, फुग्यासकट. त्याची ३०० ची खूण म्हणजे साधारण ६ पीएसआय, या चाचणीला नेमका हवा तेवढाच दाब. टायरचा कॉम्प्रेसर लावू नका, असलेली सीलंही निसटतील. चांगल्या इंजिनात सुई काही मिनिटं जवळपास जागेवर राहायला हवी. माझी बघता बघता शून्यावर आली. डायनॅमोचा रोटर काढून साबणाचं पाणी लावलं, तर उजव्या सीलभोवती फुगे. गिअर ऑइल भरायच्या भोकावर फेस धरला, तिथेही फुगे. हे दुसरे फुगे सीलमधूनच येतात की दोन केसिंगमधल्या पॅकिंगमधून, ते बाहेरून कळत नाही. पण क्रँक हाताने वर-खाली हलवल्यावर बेअरिंगला खेळ जाणवला आणि प्रश्न मिटला. अशा बेअरिंगवर नवं सील टिकत नाही. मग इंजिन पूर्ण खोललं.

सिलिंडरच्या बोअरला ओरखडे नव्हते, नव्या रिंगांवर भागलं. बेअरिंग आणि सगळी पॅकिंग बदलली. सीलांबद्दल एक सांगायलाच हवं. जुन्या स्टॉकमधला, पाकिटबंद 'ओरिजिनल' माल मिळतो आणि लोक तो महाग विकतात. पिस्टन किंवा गिअर असेल तर जरूर घ्या, पण रबर पाकिटातसुद्धा म्हातारं होतं. मी सीलावरचे आकडे वाचून बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाची व्हिटॉन या कृत्रिम रबराची सीलं आणली. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे व्हिटॉन टिकतं, जुनं रबर फुगतं नाहीतर चिरतं. पेट्रोलची नळी आणि कॉकचं वॉशर याच कारणाने बदललं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी कार्बोरेटरमधली फ्लोटची पेट्रोल साठणारी वाटी रिकामी करतो.

इंजिन बसलं, मेन जेट पुन्हा मूळ मापाचा लावला, लिटरला ४० मिली ऑइल ठेवलं. आणि धूर तसाच! इथे बरेच जण घाबरतात. सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं गिअर ऑइल जळून जाईपर्यंत धूर येतोच. बॅफल (सायलेन्सरमधले आवाज दाबणारे भाग) काढून कॉस्टिक सोड्यात उकळले, तरी पूर्ण जायला काही दिवस लागले.

आयडलिंग शांत झालं, खंबाटकीत ओढ आली, पण तापल्यावर कधीमधी बंद पडणं पूर्ण गेलं नाही. म्हणजे त्या एका लक्षणामागे आणखी कोणी तरी होतं. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. त्याचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच थोडं चालून थांबते, पण झाकण सैल करूनही फरक नव्हता. मग बंद पडल्या पडल्या प्लगचा स्पार्क पाहिला, तर मरतुकडा. अंधारात उजवं कव्हर काढून इंजिन चालू ठेवलं, तेव्हा पॉइंटवर पिवळट-पांढऱ्या मोठ्या ठिणग्या उडत होत्या. दोषी होता पॉइंटवरची ठिणगी शोषून घेणारा कंडेन्सर. थंड असताना बरा, तापला की गळपटणारा. नवा बसवला, पॉइंटची फट ०.४ मिमी केली, ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावलं. किरकोळ किमतीचा भाग, पण सीलांची हवा बंद झाल्याशिवाय तो एकटा ओळखू आला नसता.

आता गाडी कशी आहे? साठ-पासष्टला आनंदाने धावते, त्याच्या वर ताणली की हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणतात. ॲव्हरेज तीस-बत्तीसचं. किक आणि गिअरचा लिव्हर एकच असल्याने कोणाच्या हाती गाडी दिली की पंधरा मिनिटं शिकवणीत जातात. सहा व्होल्टचा दिवा रात्री घाटात अपुरा पडतो, सूर्य मावळल्यावर मी घाट टाळतो. ब्रेक त्या काळाचे आहेत, अंतर ठेवून चालवा. पंपावर 'नवीन येझदी का?' हा प्रश्न हमखास येतो, कारण २०२२ पासून त्या नावाच्या फोर-स्ट्रोक गाड्या बाजारात आहेत. सायलेन्सरचा आवाज ऐकला की विचारणारा स्वतःच हसतो.

खर्चात सीलं आणि कंडेन्सर नगण्य, मजुरी आणि बेअरिंग मुख्य. पुण्यात नाना पेठेत बरेचसे भाग मिळाले, क्लचच्या प्लेटा मात्र दोनदा परत कराव्या लागल्या, मापात नव्हत्या.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल, तर मालकाला आधी फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका, मी येऊन थंड इंजिनवर किक मारणार. मग निदान दहा किलोमीटर चालवा आणि आयडलिंगवर सोडून ऐका. गिअर ऑइलच्या भोकाचा वास घ्या, पेट्रोलसारखा आला तर डावं सील नाहीतर मधलं पॅकिंग गेलंय असं धरून भाव करा. मेन जेटवरचा आकडा बघू दिला तर उत्तमच, तो मूळ मापाचा आहे की बदललेला ते कळतं.

माझ्या गाडीत सध्या एकच खोड उरली आहे. सकाळी पहिला गिअर टाकताना क्लच चिकटतो आणि खाडकन आवाज येतो. अण्णांच्या मते गिअर ऑइल जरा जाड पडतंय. पुढच्या वेळी पातळ घालून बघणार आहे.