पल्स ऑक्सिमीटर: सिंहगड ते अकोंकाग्वा, वापरानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू बोटाला लावायच्या साध्या पल्स ऑक्सिमीटरचा आहे, तोच जो कोविडमध्ये घरोघरी आला आणि मग ड्रॉवरमध्ये जाऊन पडला. आमच्या घरचा ऑक्सिमीटर सेल गळून खराब झाला होता म्हणून मी नवीन घेतला, हजाराच्या आसपास मिळाला. ब्रँड सांगत नाही, या किमतीत आतला माल सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. घ्यायचं कारण अकोंकाग्वा. अर्जेंटिनात मेंदोसा प्रांतात आहे, ६,९६१ मीटर, आशियाबाहेरचं जगातलं सगळ्यात उंच शिखर. माझी तोवरची कमाई म्हणजे सह्याद्रीतले ट्रेक, रविवारचा सिंहगड आणि हिमालयात एक हंपता पास, बास. पण नॉर्मल रूटला दोर लागत नाही, कडा चढायचा नाही, चालत वर जाता येतं हे वाचलं होतं, त्यात मुंबईची काम्या कार्तिकेयन २०२० मध्ये बारा वर्षांची असताना वर जाऊन आलेली, त्यामुळे नातेवाईकांचं एकच पालुपद, एवढीशी पोरगी चढली मग तुला काय धाड भरलीये. त्या पोरीने आधी किती डोंगर केले होते ते कोणी सांगत नाही.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश जातो, ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढतात. हे डोकं ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरचं, १९७०च्या दशकातलं. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सगळं जग दुकानात हेच यंत्र मागायला लागलं होतं तेव्हाच. असो. पुण्यात ९८, सिंहगडावर पण ९७-९८, त्यामुळे पहिले काही महिने नुसतं खेळणं. हंपताला ८८-९० दिसलं आणि अख्ख्या टेंटने बोटं पुढे केली.

खरा वापर अँडीजमध्ये झाला. मेंदोसातून गाडी उस्पायातावरून पुएंते देल इंकाच्या पुढे अकोंकाग्वा पार्कच्या ओर्कोनेस गेटला सोडते, तिथून कॉन्फ्लुएन्सिया हा पहिला कॅम्प, साधारण ३,४०० मीटर. तिथे आणि पुढे प्लाझा दे मुलास या बेस कॅम्पला पार्कच्या डॉक्टरांकडे तपासणी कंपल्सरी असते, ऑक्सिजन, बीपी, छाती, सगळं बघतात आणि त्यांनी ओके दिल्याशिवाय वर जाता येत नाही. त्या टेंटबाहेरची रांग बघण्यासारखी असते. धिप्पाड धिप्पाड माणसं डोळे मिटून खोल श्वास घेत बसलेली, अगदी प्राणायामाचा वर्ग भरल्यासारखी, कारण जोरजोरात श्वास घेतला की आकडा दोन-चारने वर जातो हे सगळ्यांना माहीत असतं. डॉक्टरांनाही माहीत असतं, त्या बाई गप्पा मारत बसवतात आणि आकडा खाली आला की मग लिहून घेतात. आमच्या ग्रुपमध्ये ऑक्सिजनपेक्षा बीपीनेच जास्त लोक अडकले. मीठ बंद, कॉफी बंद, पाणी प्या, उद्या परत या.

तर हा पहिला मुद्दा, या यंत्रावरचा आकडा बसल्या बसल्या बदलता येतो. म्हणून वापरायचा तर सकाळी उठल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आत, पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, नेहमीचा श्वास घेत, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. रोज तसाच. वहीत लिहा. एकाच ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा चढतोय ना एवढंच बघायचं, शेजाऱ्याचा किती आहे ते नाही. हे मी आता शहाण्यासारखं सांगतोय पण प्लाझा दे मुलासला, ४,३०० मीटरला, आमच्या टेंटमध्ये तासातासाला बोटं लावणं चालू होतं. तुझा किती, माझा ८१, अरे मग माझा ७९ का. रात्री तर विचारू नका. उंचीवर झोपेत श्वास आपोआप हळू होतो, काही सेकंद थांबतो, मग एकदम धडधडून सुरू होतो, हे बहुतेकांना होतं आणि साधारण निर्धोक असतं, पण तेव्हा ऑक्सिमीटर लावलात तर एका मिनिटात ७२ ते ८३ असा सगळा बाजार दिसतो आणि मग झोप गेलीच. शेवटी गाईडने माझ्याकडून यंत्र काढून घेतलं आणि सकाळचं एक रीडिंग झालं की खिशात टाकायचा, तेव्हा कुठे दोघं झोपलो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेत असाल तर बोटांना मुंग्या येतात आणि कोल्ड्रिंक बेचव लागतं, त्याचा ऑक्सिमीटरशी संबंध नाही, घाबरू नका (आणि ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच).

पैसे वसूल झाले ते एकाच प्रसंगात. ग्रुपमध्ये एक ब्राझिलियन काका होते, आमच्यातले सगळ्यात फिट, पूर्ण व्हॅलीत सगळ्यांच्या पुढे. प्लाझा दे मुलासला दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आकडे ऐंशीच्या आगेमागे आणि काकांचा साठीत. हात गरम केले, बोट बदललं, दुसऱ्याचं यंत्र लावलं, तरी साठीतच. काका म्हणे मला काही होत नाहीये, फक्त थोडा खोकला आहे, आणि बूट घालताना दम लागत होता. गाईडने लगेच डॉक्टरांकडे नेलं, छातीत पाणी व्हायला सुरुवात झाली होती, त्याच दिवशी हेलिकॉप्टरने खाली. नुसत्या खोकल्यावर कोणी लक्ष दिलं नसतं कारण तिथली हवा इतकी कोरडी की सगळेच खोकत असतात. सगळ्यांपेक्षा खूपच खाली आकडा, बसल्या जागी दम आणि खोकला, हे तिन्ही एकत्र आलं तर वाट बघायची नाही.

आता तोटे. प्लाझा दे मुलासच्या वर हे यंत्र हळूहळू निरुपयोगी होत जातं. कानडा कॅम्प ५,००० च्या आसपास, निदो दे कोंदोरेस साडेपाच हजाराच्या वर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, आणि शेवटचा कोलेरा जवळजवळ ६,००० ला. तिथे रात्री उणे वीसच्या आसपास जातं आणि वारा वेगळा. बोटं गार पडली की त्यात रक्त नीट फिरत नाही आणि यंत्र एकतर काहीतरी भलतंच दाखवतं नाहीतर नुसत्या दोन रेघा. कडक उन्हात उघड्यावर लावला तरी गडबडतं, आणि स्क्रीन दिसत नाही ते वेगळंच. साधे अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात, लिथियमचे टाका आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सत्तरच्या खाली अशा स्वस्त यंत्राचा आकडा तंतोतंत धरू नये, कंपन्या अचूकतेची हमी साधारण सत्तरच्या वरच देतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा जरा जास्त दिसू शकतो हेही लक्षात ठेवा. नेलपॉलिश नको.

(थोडं विषयांतर, या वरच्या कॅम्पवर चिवड्याचं पाकीट फुगून उशीएवढं होतं, फोडताना तोंडावर येतं. आणि हो, शौच पार्कने दिलेल्या नंबरवाल्या पिशवीतच करायची आणि ती खाली आणून दाखवायची, नाहीतर दंड. आपल्या गडांवर हे कधी येणार देव जाणे.)

समिटच्या दिवशी कोलेराला पहाटे निघायच्या आधी टेंटमध्ये हात चोळचोळून रीडिंग घेतलं. माझं ७९. सोबतच्या नाशिकच्या मित्राचं ७१. मी मनात म्हटलं आज याचं काही खरं नाही. भाड्याचे डबल बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे), जाड मिटन्स, हेडलॅम्पच्या उजेडात एकेक पाऊल, गाईड सारखं 'देस्पासिओ, देस्पासिओ' म्हणजे हळू हळू. इंदिपेन्देन्सियाला, साधारण ६,४०० मीटरला, एक मोडकी लाकडी झोपडी आहे, तिथपर्यंत मला वाटत होतं की मी मस्त चाललोय. गाईडला तसं वाटत नव्हतं. त्याने मला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं आणि मी चौथ्या पावलाला बाजूला गेलो. परत केलं, परत गेलो. मी खिशातून ऑक्सिमीटर काढला (तो एव्हाना परत माझ्याकडे आला होता), म्हटलं थांब, माझा आकडा चांगला आहे, दाखवतो. लावला तर दोन रेघा. दुसऱ्या बोटाला लावला, दोन रेघा. मित्र नंतर म्हणाला की हे सगळं मी गाईडशी मराठीत बोलत होतो, आणि मला अजूनही आठवतं की मी इंग्लिशमध्ये बोललो. गाईडने वाद घातलाच नाही, दुसऱ्या गाईडबरोबर मला खाली पाठवलं. निदोला पोचेपर्यंत डोकं बरंचसं ताळ्यावर, प्लाझा दे मुलासला डॉक्टरांनी बघून ठीक आहे म्हटलं. आणि ७१ वाला मित्र पुढचा ट्रॅव्हर्स, म्हणजे डोंगराच्या अंगावरची आडवी वाट, मग कानालेताची ती घसरडी चढण चढून दुपारी शिखरावर उभा.

त्यामुळे कोण वर पोचणार हे या यंत्राला विचारू नका. त्यात मेंदूला सूज येतेय का ते दिसत नाही, पाय लटपटतायत का ते दिसत नाही, हे सोबतच्या माणसालाच दिसतं, म्हणून हजार रुपयांच्या यंत्रापेक्षा चांगल्या गाईडवर आधी पैसे घाला. या डोंगरावर हे पहिल्यापासून चालत आलंय म्हणा. १८९७ मध्ये पहिली यशस्वी मोहीम आली ती एडवर्ड फिट्झगेराल्डची, पैसा त्याचा, नियोजन त्याचं, आणि उंचीच्या त्रासाने त्याला पुन्हा पुन्हा मागे फिरावं लागलं, शिखरावर पहिल्यांदा पोचला तो त्याचा स्विस गाईड मथियास झुरब्रिगन, १४ जानेवारीला, एकटा. उंची कोणाला मानवते ते खालून कळत नाही.

परत आल्यापासूनही वापरतोय. घरी सर्दी-खोकल्यात बाबांना लावतो, ट्रेकच्या ग्रुपमध्ये फिरतो, एकदा सिंहगडाच्या पार्किंगमध्ये पडून सेलच्या झाकणाची क्लिप ढिली झालीये पण रीडिंग ठीक येतं. ज्यांना घ्यायचाय त्यांनी पर्फ्युजन इंडेक्स दाखवणारं मॉडेल घ्या, थोडं महाग पडतं, पण बोटात रक्त पुरेसं फिरतंय की नाही ते कळतं आणि आकड्यावर किती विश्वास ठेवायचा त्याचा अंदाज येतो. ग्रुपमध्ये एक पुरतो, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, उलट प्रत्येकाकडे असला की रात्री कोणी झोपत नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक थंडीसाठी कापला, अर्धा उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून.