‘अस्सल किट’ म्हणून गळ्यात मारलेला रॉक क्रॉलर

‘अस्सल किट, सील पॅक, बॅटरी-रिमोटसकट, २१,५०० रुपये’ अशी जाहिरात तुमच्या फोनवर आली असेल तर पैसे पाठवण्याआधी हे पूर्ण वाचा. पहिला आरसी रॉक क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडांवर चढणारी छोटी गाडी, सुट्या भागांच्या किटमधून बांधायला निघालेल्या माणसाला काय हवं असतं हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक आहे. दहा ठिकाणांहून सुटे भाग गोळा करायची कटकट नको असते, आणि ‘मी सगळं जुळवून देतो’ म्हणणारा कोणीतरी हवा असतो. माझे पैसे त्यात गेले. मालवणच्या एका कॉलेजातल्या मुलाचे आणि अलिबागच्या एकाचे गेले ते मला नंतर कळलं. त्या मुलाने आंब्याच्या हंगामात पेट्या भरून साठवलेले पैसे होते. म्हणून हे लिहितोय.

आम्हा रत्नागिरीकरांना या छंदासाठी लांब जावं लागत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलं की पायाखाली जांभा असतो: खडबडीत, भोकाभोकांचा, टायरला छान पकड देणारा. (कातळशिल्पं असलेल्या सड्यावर मात्र गाडी अजिबात नेऊ नका, ती पुन्हा घडवता येणार नाहीत.) क्रॉलर पळवायचा नसतो, चढवायचा असतो. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल गिअर लॉक केलेले असल्यामुळे चारही चाकं एकदम फिरतात. एक चाक दगडाच्या खाचेत अडकलं की सगळा ताण धुरेतल्या (अ‍ॅक्सलमधल्या) गिअरवर आणि स्टिअरिंगच्या सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, येतो. म्हणजे गाडीचा जीव ज्या भागांत आहे ते सगळे आत, झाकलेले. फसवणारा तिथेच हात मारतो. चेसिस, टायर, बॉडी फोटोत सुंदरच दिसतात.

हा माणूस बोलायला अगदी जाणकार होता. मोटरचे टर्न, पिनियनचे दात, १.९ इंची बीडलॉक रिम, सगळं तोंडपाठ. ‘दादा, अ‍ॅक्सियलचं एससीएक्स-१०-टू किट आहे, सील पॅक. मोटर, ईएससी, सर्व्हो, बॅटरी सगळं आतच.’ या एका वाक्यातच खोट होती, आणि ती तुम्हाला आधी कळावी म्हणून सांगतो. अ‍ॅक्सियल ही क्रॉलर बनवणारी कंपनी. २०१६ साली आलेल्या तिच्या त्या किटच्या अस्सल खोक्यात मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर (ईएससी), सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी यातलं काहीच नसतं. बॉडीसुद्धा पारदर्शक येते, रंग आपण द्यायचा. ज्याला बांधायची हौस नाही त्याच्यासाठी तयार गाडी वेगळी मिळते. ‘सील पॅक किट’ आणि ‘बॅटरीसकट’ हे दोन्ही एका खोक्याबद्दल खरं असूच शकत नाही.

निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पाठवण्याआधी, असं ठरलं. दोन्ही हप्ते दिल्यावर निरोप आला की पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आणखी २,८०० लागतील, या यूपीआयवर टाका. ते खरं वाटावं अशीच परिस्थिती आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. बाहेरचा माल महाग पडतो हे या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तो त्याचाच फायदा घेतो. पण कस्टमचे पैसे कुणाच्या खासगी खात्यावर जात नाहीत. कुरिअरने माल आला तर कंपनी शुल्काचे कागद देते, टपालाने आला तर पोस्टमन दारात पैसे घेऊन पावती फाडतो. मी मात्र तेही पैसे टाकले. पार्सल आलं तेव्हा त्यावरच्या चिठ्ठीत बुकिंग महाराष्ट्रातलंच होतं. ते कुठल्याही बंदरातून आलेलं नव्हतं.

गाडी सड्यावर नेली. पुढचं चाक एका खाचेत बसलं, मी हळूच थ्रॉटल दिला, आतून कर्र आवाज झाला आणि पुढची धुरा मेली.

मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. त्यांच्या शेडमध्ये आम्ही एकेक भाग उघडला. धुरेतल्या क्राउन गिअरचे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचे, दात वितळल्यासारखे गोल झालेले. अण्णांनी त्यावर कानशीच्या टोकाने ओरखडा काढला, धातू लोण्यासारखा निघाला. ‘पोलाद नाय ह्या. ह्येका किती जपलंस तरी टिकाचा नाय.’ बॉल बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या बुश होत्या. आपल्याकडे वाळू आणि खारी हवा, त्या महिनाभरात झिजल्या असत्या.

मग सर्व्हो. स्टिकरवर ‘२५ किलो, मेटल गिअर’, म्हणजे २५ किलो-सेंटिमीटर बळ. वरचा भाग काढला तर बाहेर दिसणारा शेवटचा गिअर तेवढा धातूचा, खालचे सगळे पांढरे नायलॉनचे. आम्ही त्याची ताकदही पाहिली. सर्व्हो पकडीत घट्ट धरला, त्याच्या फिरत्या दांडीच्या आसापासून दोन सेंटिमीटरवरच्या भोकाला पाच किलो तांदळाची पिशवी टांगली. एवढं वजन उचलायला दहा किलो-सेंटिमीटर बळ पुरतं. तो जागचा हलला नाही, नुसता गुणगुणत गरम होत राहिला.

सगळ्यात संताप आला तो बॅटरीचा. दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), वर छापलेली क्षमता ५००० एमएएच. एवढ्या क्षमतेची हार्ड केस बॅटरी साधारण पाव किलोची किंवा जास्तच भरते. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ही १३० ग्रॅम भरली. चार्जर आत किती एमएएच गेलं ते दाखवतो, तिथेही १,५०० च्या आसपास चार्जिंग संपलं. छोटे सेल मोठ्या डब्यात घालून विकलेले. यात पैशापेक्षा मोठा धोका आहे: लेबलवर भरवसा ठेवून कोणी ५ अँपिअरने चार्ज केलं तर त्या सेलवर झेपेल त्याच्या कितीतरी जास्त मारा होतो, आणि लायपो पेटली की विझवणं सोपं नसतं. ज्या घरात हे खोकं गेलं त्या घरात पोरं आहेत, याचा त्या माणसाने विचार केला नाही.

क्लोन भागांना, म्हणजे अस्सल भागांच्या नकलांना, माझा विरोध नाही. चांगले क्लोन मिळतात, स्वस्तात गाडी उभी राहते, पण ते क्लोन म्हणून विकले पाहिजेत. घेण्याआधी विक्रेत्याकडे धुरेचं झाकण आणि सर्व्होचं टोपण उघडून दाखवणारा व्हिडिओ मागा, बॅटरी काट्यावर ठेवायला सांगा. प्रामाणिक माणूस पाच मिनिटांत करतो. पार्सल फोडताना तुमचाही सलग व्हिडिओ हवा, चिठ्ठीपासून सुरू केलेला.

मी जाब विचारल्यावर त्याने ‘रिफंड’ म्हणून क्यूआर पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. त्याच वेळी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. कस्टमच्या नावाखाली गेलेली रक्कम त्याच्या खात्यात गोठवली गेली, ती अजून हातात आलेली नाही. मालाच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. मालवणचा मुलगा त्याच्या बाजूने सिंधुदुर्गात करतोय. तुमच्याकडे असाच माल आला असेल तर चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि कुरिअरची चिठ्ठी जपून ठेवा, आणि ती बॅटरी आजच घराबाहेर काढा.