घरच्या राउटरसाठी नॅनोपाय आर४एस: नाशिकच्या घरात काय बघून घ्यावा

घरी राउटर बनवायला नॅनोपाय आर४एस सारखा बोर्ड (छोटा एका पाटीवरचा कॉम्प्युटर) घेताना लोक आधी रॅम आणि गिगाहर्ट्‌झ बघतात. त्याआधी बघायला हवं ते हे: लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) किती आणि ते आत कुठे जोडलेत. रास्पबेरी पाय ४ ला गिगाबिट पोर्ट एकच, दुसरा यूएसबी अडॅप्टरने लावावा लागतो. घरात पडून असेल तर जरूर वापरा, नवा घेऊ नका. पाय ३बी+ तर नकोच; त्याचं गिगाबिट यूएसबी २ मधून जातं आणि ३०० एमबीपीएसच्या आसपास अडकतं.

आर४एस इथेच उजवा ठरतो. एक पोर्ट थेट आरके३३९९ चिपवर, दुसरा पीसीआयई (चिपशी जोडणारी वेगवान आतली वाट) वर. त्याच कंपनीच्या आर२एस या बोर्डाचा दुसरा पोर्ट यूएसबी ३ वर आहे. १००-२०० एमबीपीएसच्या प्लॅनला तो पुरतो, पैसेही वाचतात. आर४एस ची रॅम १ जीबी असली तरी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत सिस्टीम) आरामात चालतं. ४ जीबी फक्त डॉकर (त्याच बोर्डावर इतर प्रोग्राम वेगळे चालवायची सोय) वगैरे चालवणार असाल तरच.

ओपनडब्ल्यूआरटीची इमेज (कार्डावर टाकायची फाइल) स्क्वॅशएफएस प्रकारची घ्या. सेटिंग बिघडलं तर फॅक्टरी रीसेट करता येतो, एक्स्ट४ या दुसऱ्या प्रकारात ती सोय नाही. मेमरी कार्ड हाय एंड्युरन्स (सतत लिहिण्यासाठी टिकाऊ) घ्या.

जोडताना दोन गोष्टी हमखास अडवतात. फायबरचा डबा (कंपनीने दिलेला मोडेम) आणि ओपनडब्ल्यूआरटी, दोघांचाही पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो, म्हणून सगळे दिवे लागूनही नेट येत नाही. आधी ओपनडब्ल्यूआरटीत लॅनचा (घरच्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१०.१ करा, मग वॅनची (बाहेरून येणाऱ्या नेटची) केबल लावा. दुसरं, कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं) असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (लाइनला दिलेला ओळख क्रमांक) केबलवाल्याकडून आधीच लिहून घ्या आणि डबा ब्रिज मोडवर करून मागा, म्हणजे लॉगिन तुमचा राउटर करेल. काही ठिकाणी कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या ठरलेल्या ओळख नंबराला) बांधलेलं असतं. तो वॅनवर टाकला की काम होतं.

व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्या एसक्यूएम (नेटची गर्दी आवरणारी सोय) मध्ये केक ही पद्धत निवडा आणि मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के आकडा भरा. फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरचं काम कमी करून वेग वाढवणारी सेटिंग) तेव्हा बंद ठेवा, दोन्ही एकत्र नीट चालत नाहीत.

वायफाय या बोर्डात नाही. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करा: त्याला वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणं) बंद करा, केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा.

धातूच्या केससकटच घ्या. चिपची उष्णता केसच खेचून घेते. तरी सातपूर-अंबडकडच्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद टीव्ही कपाटात एप्रिल-मेमध्ये ठेवू नका, तापला की वेग आपोआप उतरतो. वीज जाते म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल तर ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलेलाच घ्या. १२ व्होल्टची पिन इथे उपयोगाची नाही, आणि १-२ अँपिअरच्या यूएसबी आउटपुटवर लोड वाढला की बोर्ड रीस्टार्ट होतो. वायर जाड आणि आखूड हवी.