एन्झाइम मेम्ब्रेनवर बसवायचं कसं: सुकवायचं, जेलमध्ये कोंडायचं की ग्लुटारने बांधायचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ग्लुकोज सेन्सर घेतलाय आणि ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम, त्या पेरॉक्साइडचा करंट म्हणजे तुमचं रीडिंग) इलेक्ट्रोडवरच्या मेम्ब्रेनवर टिकत नाहीये? मग आधी एवढं ठरवा, सेन्सर किती दिवस चालायला हवाय. बाकीचं त्यावरून ठरतं.

एका दिवसाचा डेमो असेल तर नायलॉन मेम्ब्रेनवर एन्झाइमचा थेंब टाका, सुकू द्या, झालं. एन्झाइमला धक्का लागत नाही, पण त्याला घट्ट धरून ठेवणारंही काही नसतं, ढवळत्या बफरमध्ये ते सुटत जातं आणि करंट दर रीडिंगला खाली, मग कॅलिब्रेशन कसलं डोंबलाचं करणार.

जेलमध्ये कोंडणं त्यापेक्षा बरं. आयडिया जुनीच आहे, 1967 साली अपडाइक आणि हिक्स यांनी पॉलीअॅक्रिलामाइड जेलमध्ये हेच एन्झाइम कोंडून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवलं होतं. आता बरेच जण चिटोसान वापरतात, कोलंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, पातळ अॅसेटिक अॅसिडमध्ये विरघळतं. फक्त थर जाड झाला की ग्लुकोज आत पोचेपर्यंत तुम्ही चहा पिऊन याल.

माझं मत ग्लुटाराल्डिहाइड (शीर्षकातलं ग्लुटार) अधिक बीएसएला, म्हणजे गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनला. ग्लुटार प्रोटीनच्या लायसिन या अमिनो अॅसिडमधले अमाइन गट एकमेकांना बांधतं, आणि बीएसए भरपूर असलं की मार बराचसा तेच खातं, एन्झाइम वाचतं. थेंब हळूहळू पिवळसर होऊन घट्ट होतो. हात सैल सोडून ग्लुटार ओतलंत तर मात्र फिल्म मस्त आणि एन्झाइम मेलेलं. आणि फ्यूम हूडमध्येच करा, वास डोळ्यांत जातो.

ईडीसी-एनएचएस (कार्बॉक्सिल गटाला अमाइन जोडून देणारी रसायनांची जोडी) पेपरमध्ये भारी दिसतं, पण मेम्ब्रेनवर कार्बॉक्सिल गट हवेत, साध्या पॉलीकार्बोनेटवर ते कुठून आणणार? ईडीसी पाण्यात लवकर खराब होतं, म्हणून आयत्या वेळी बनवायचं. मी एकदा हे सगळं नीट पाळलं आणि बफर घेतला ट्रिस. ट्रिसमध्येच अमाइन, एन्झाइमच्या आधी तोच जाऊन चिकटला, दोन दिवस पाण्यात.

कुठलीही पद्धत घ्या, प्लॅटिनमवर 0.6 व्होल्टच्या आसपास पेरॉक्साइड मोजताना व्हिटॅमिन सी आणि युरिक अॅसिडही करंट देतात, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या बाजूला सेल्युलोज अॅसिटेटचा थर द्या, पेरॉक्साइड लहान म्हणून त्यातून जातं, हे मोठे बहुतेक अडकतात.

आणि मेम्ब्रेन धुतल्यावर शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, त्यात ग्लुकोज घालून पेरॉक्साइड बनतंय का बघा. बनत असेल तर एन्झाइम अजून सुटतंय, आणखी धुवा.