टीडीएस मीटर: क्षार सांगतो, शिसं सांगत नाही

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, दाखवणारा पेनाएवढा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आमच्या सोसायटीत तो आता बहुतेक घरांत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि आमची बोअर औद्योगिक वसाहतीला लागून आहे, म्हणून हे लिहितोय.

वस्तू वाईट नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. टँकरचं पाणी किती खारं, आरओ फिल्टरचा मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) थकलाय का, एवढं कळायला उत्तम. आरओच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जवळ यायला लागला की मेंब्रेन बदलायचा.

पण शेजारच्या काकू विचारतात, "सर, १८० दाखवतोय. म्हणजे पाणी चांगलंच ना?" नाही हो काकू, तेवढ्यावरून नाही म्हणता येत! आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. शिशाची मर्यादा ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३. मीटर पूर्णांकात मोजतो. मर्यादेच्या दहापट शिसं पाण्यात असलं तरी ते भरतं ०.१ मिलिग्रॅम, त्यानं आकडा हलायचाच नाही. आणि तेवढं शिसं रोज पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठत राहतं. पश्चिम बंगालमधल्या नदिया, मुर्शिदाबादच्या कूपनलिकांतल्या आर्सेनिकनं लोकांच्या तळहातांवर गाठी आल्या, कर्करोग झाले. त्या आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव.

मीटरसोबत काही विक्रेते पाण्यात विजेच्या कांड्या घालून तपकिरी गाळ काढून दाखवतात. तो गाळ मुख्यतः त्या लोखंडी कांडीचाच असतो. भोळ्या माणसाला घाबरवून यंत्र विकायचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

आमच्या बोअरचा टीडीएस ३४० होता. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालात क्रोमियम लिटरला ०.०९ मिलिग्रॅम आलं, मर्यादा ०.०५ असताना. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यांत क्रोमियम वापरतात, पण आमच्या पाण्यात ते कुठून उतरलं हे अहवालावरून ठरत नाही. ते पाणी आम्ही पिण्या-स्वयंपाकातून लगेच बंद केलं. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. नुसत्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) फिल्टरचाही इथे उपयोग नाही.

तेव्हा मीटर घ्या, पण मेंब्रेनसाठी. बोअरचं पाणी पीत असाल तर शिसं, क्रोमियमसारख्या जड धातूंची तपासणी वेगळी मागा. नेहमीच्या तपासणीत ती बऱ्याचदा नसते. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नयेत म्हणून तिच्यात बहुधा थोडं नायट्रिक आम्ल असतं, त्यामुळे ती विसळायची नाही आणि मुलांच्या हातात द्यायची नाही. पंप थोडा वेळ चालू द्या, मग भरा.