जनुकीय अहवालात ‘अनिश्चित’ शेरा आल्यावर: संगणकी पुनर्विश्लेषण की मूळपेशींवरील चाचणी?

एक्झोम तपासणीचा, म्हणजे जनुकांतील प्रथिने घडवणाऱ्या भागांच्या वाचनाचा, अहवाल हाती येतो, पण त्यात आजाराचे नाव नसते. एका जनुकातील एका बदलाची नोंद असते आणि तिच्यापुढे ‘व्हीयूएस’, म्हणजे महत्त्व अनिश्चित असलेला बदल, असा शेरा असतो. २०१५ साली अमेरिकेत ठरलेल्या आणि आता जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमांनुसार जनुकीय बदलांची रोगकारकापासून निरुपद्रवीपर्यंत पाच गटांत वर्गवारी होते. त्यातला हा मधला गट असून केवळ त्याच्या आधारावर उपचार बदलू नयेत किंवा नातेवाइकांना धोका आहे असे सांगू नये, असा संकेत आहे. अशा वेळी कुटुंबापुढे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे दोन मार्ग येतात. एक म्हणजे त्याच माहितीचे बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या, म्हणजे जैविक माहितीच्या संगणकी विश्लेषणाच्या, साहाय्याने पुन्हा विश्लेषण करून घेणे आणि दुसरा म्हणजे रुग्णाच्या पेशींपासून मूळपेशी (ज्यांपासून शरीरातील इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा पेशी) तयार करून तो बदल प्रत्यक्षात काय करतो हे पाहणे. दोन्हींविषयी बरेच उत्साहाने बोलले जाते, पण त्यांची उपयुक्तता, लागणारा वेळ आणि उपलब्धता यांत मोठी तफावत आहे.

बायोइन्फॉर्मॅटिक्सचे काम मुख्यतः वगळण्याचे आहे. कोणत्याही माणसाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भ-जीनोमशी ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतो आणि त्यांतील जवळजवळ सगळे फरक निरुपद्रवी असतात. संशयित बदल ‘नोमॅड’सारख्या संग्रहात, ज्यात आता आठ लाखांहून अधिक लोकांची माहिती आहे, किती जणांत आढळतो, हे आधी पाहिले जाते, दुर्मीळ आजाराचे कारण म्हणून सुचवलेला बदल शेकडो निरोगी लोकांत दिसला तर तो सहसा बाद होतो. त्यानंतर ‘क्लिनव्हार’ या सार्वजनिक नोंदसंग्रहात इतर प्रयोगशाळांनी त्याविषयी काय नोंदवले आहे ते तपासले जाते आणि मग प्रथिनावर होणाऱ्या परिणामाचा अंदाज घेतला जातो. गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फामिसेन्स’ने २०२३ साली प्रथिनातील एक घटक बदलणाऱ्या सुमारे ७.१ कोटी संभाव्य बदलांपैकी ८९ टक्क्यांना संभाव्य रोगकारक किंवा संभाव्य निरुपद्रवी असे वर्गीकृत केले. आकडा दिपवणारा आहे. मात्र मूळ नियमांत संगणकी भाकिताला केवळ पूरक पुराव्याचे स्थान होते आणि आजही निव्वळ भाकितावर निदान ठरत नाही.

पुनर्विश्लेषणाची मोठी सोय अशी की रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. माहिती तीच राहते, तिच्याभोवतीचे ज्ञान वाढलेले असते. पहिल्या तपासणीत निदान न झालेल्या रुग्णांपैकी साधारण दहांतील एकाला वर्ष-दोन वर्षांनी केलेल्या पुनर्विश्लेषणातून उत्तर मिळाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

या पद्धतीची उणीव तिच्या संग्रहांतच आहे, आणि भारतीय वाचकाने ती विशेष लक्षात घ्यायला हवी. जागतिक संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण फार जास्त असल्याने आपल्याकडे सर्रास आढळणारा बदल तेथे दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद दिसू शकतो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांचा डेटा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुला झाला, त्यामुळे ही दरी थोडी बुजेल. पण नुसती वारंवारता पुरत नाही, हे एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकावरून दिसते. या जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांची एक वगळ (गळालेला तुकडा) सुमारे चार टक्के भारतीयांत आढळते आणि तिचा हृदयस्नायूच्या विकाराशी संबंध असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. बदल इतका सामान्य असेल तर त्याला रोगकारक म्हणायचे तरी कसे? २०१८ साली अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात, ही वगळ असलेल्यांपैकी साधारण दहांतील एकात त्याच जनुकातील आणखी एक बदल सोबत असल्याचे आढळले, आणि हृदयाच्या अतिआकुंचनाच्या खुणा अशा दुहेरी वाहकांत दिसल्या. संशोधकांनी अशा वाहकांच्या पेशींपासून तयार केलेल्या हृदयपेशीही तपासल्या आणि त्यांतही आकुंचनाचा बिघाड दिसला. एकत्र येणारी जोडी माहितीच्या विश्लेषणाने उघड केली आणि तिचा परिणाम पेशींनी दाखवला. या दोन पद्धतींचे नाते स्पर्धेचे नाही, क्रमाचे आहे, असे मी म्हणतो ते अशाच उदाहरणांमुळे.

आता दुसरा मार्ग. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेले आणि २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्यासाठी थोडे रक्त किंवा त्वचेचा लहान तुकडा पुरतो. तीन-चार आठवड्यांत मूळपेशींच्या वसाहती दिसू लागतात, त्यांची गुणवत्ता तपासण्यात आणखी काही आठवडे जातात आणि मग त्यांना हृदयपेशींच्या दिशेने वळवले की साधारण दहा दिवसांत तबकडीतील थर आपोआप आकुंचन पावू लागलेला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. लाँग क्यूटी या हृदयाच्या लयीच्या आजारात रुग्णाच्या ईसीजीमध्ये जो कालावधी लांबलेला दिसतो, तसाच विलंब या पेशींच्या विद्युत-आलेखात मोजता येतो, हे २०१० साली जर्मनीतील एका कुटुंबाच्या पेशींवर सिद्ध झाले. २०१८ साली स्टॅनफर्डच्या गटाने केसीएनएच२ या लाँग क्यूटीशी संबंधित जनुकातील एका अनिश्चित बदलाचा प्रश्न असाच सोडवला: रुग्णाच्या पेशींतील बदल क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने दुरुस्त केला तेव्हा आलेख सुधारला, निरोगी व्यक्तीच्या पेशींत तोच बदल घातला तेव्हा आलेख बिघडला. इतका थेट कार्यकारणभाव कोणतेही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही.

तरीही पेशींची साक्ष निर्विवाद नसते. तबकडीतील हृदयपेशी गर्भातील पेशींसारख्या अपरिपक्व राहतात आणि एकाच रुग्णाच्या दोन वसाहतींतही फरक पडतो. त्यामुळे दुरुस्त केलेल्या पेशींशी तुलना न करता काढलेल्या निष्कर्षावर मी विसंबणार नाही. उतारवयात उद्भवणाऱ्या आजारांत आणखी एक अडचण येते: पेशी मूळ अवस्थेत नेताना तिच्यावरील वयाच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. सगळे धरून सहा महिने ते वर्ष सहज जाते. भारतात ही तपासणी संशोधनाच्या कक्षेतच होते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था किंवा वेल्लोरचे मूळपेशी संशोधन केंद्र अशा ठिकाणी मूळपेशींवर काम चालते, पण रुग्णालयाच्या दरपत्रकातून निवडावी अशी ही चाचणी नव्हे.

म्हणून निर्णयाचा क्रम मी असा सुचवीन. प्रथम आई-वडिलांची आणि शक्य असल्यास आजारी नातेवाइकांची त्या एका बदलासाठी तपासणी करावी, कारण कमी खर्चात सर्वाधिक गुंता येथेच सुटतो. मग पुनर्विश्लेषण. बदल आरएनएच्या (जनुकाचा संदेश वाहून नेणाऱ्या रेणूच्या) जोडणीत बिघाड करत असेल असा संशय असेल तर रक्तातील आरएनए तपासून उत्तर मिळू शकते. आयन-वाहिनीच्या, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातील बदल प्रयोगशाळेतील नेहमीच्या मूत्रपिंड-पेशींत घालून विद्युतप्रवाह मोजता येतो, आणि तेही मूळपेशींपेक्षा पुष्कळ लवकर. मूळपेशींचा आग्रह धरावा तो संशयित बदल एकच उरला असेल, बाधित अवयवाच्या पेशी प्रयोगशाळेत तयार होत असतील, बिघाड पेशीच्या पातळीवर मोजता येत असेल आणि उत्तराने बीटा-ब्लॉकर (हृदयाचे औषध), डिफिब्रिलेटर (हृदयाची लय सावरणारे यंत्र) किंवा गर्भतपासणी यांसारखा एखादा निर्णय खरोखर बदलणार असेल तेव्हाच.

येथे मूळपेशी तपासणीसाठी वापरल्या जातात, उपचारासाठी नाही, हेही स्पष्ट असावे. रक्तविकारांसाठीच्या प्रस्थापित प्रत्यारोपणाखेरीज मूळपेशींचे उपचार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य चाचणी-संशोधनाबाहेर देता येत नाहीत. ‘निदान आणि उपचार एकत्र’ अशी जाहिरात दिसली तर तेथे पैसे भरू नयेत. बाळाची नाळ बँकेत ठेवल्यानेही या तपासणीला काही हातभार लागत नाही, कारण मूळपेशी रुग्णाच्या आजच्या रक्तातूनच तयार करता येतात.

कोणताही मार्ग निवडला तरी एक काम आजच करता येईल. प्रयोगशाळेकडून छापील अहवालाबरोबर मूळ डेटाच्या फायली, म्हणजे फास्टक्यू किंवा बीएएम आणि व्हीसीएफ, लेखी अर्ज करून मागून घ्याव्यात. अनेक प्रयोगशाळा त्या ठरावीक काळापुरत्याच जपतात आणि त्या नसतील तर पुनर्विश्लेषणाऐवजी संपूर्ण तपासणीच नव्याने करावी लागते.