डॅशकॅम: जी-सेन्सरने डोकं खाल्लं, तरी काचेवरून काढणार नाही

गाडीच्या पुढच्या काचेवर लावून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या डॅशकॅमबद्दल लिहितेय; स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, परत लिहीत नाही. परवा पोवई नाक्याजवळ एका स्कूटरवाल्याने आमच्या गाडीला डावीकडून घासलं, मुलगा सरळ आपल्या लेनमध्ये चालला होता, मी शेजारीच बसलेले, आणि घरी येऊन बघते तर रेकॉर्डिंगच नाही. 'कार्ड फुल'. ज्यासाठी पैसे मोजले तेच नेमकं मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोष जी-सेन्सरचा, म्हणजे गाडीला बसलेला दणका ओळखणाऱ्या सेन्सरचा. कॅमेरा जुनं पुसून नवं रेकॉर्ड करतो, पण दणका बसला की त्याला वाटतं अपघात झाला, मग ती क्लिप लॉक, ती आपोआप पुसलीच जात नाही. साताऱ्यात शाळेपुढं बिनपट्ट्याचे स्पीडब्रेकर, पावसाळ्यानंतरचे खड्डे वेगळेच, कार्ड भरणार नाही तर काय होणार! सर्व्हिस सेंटरचं एकच, "मॅडम, कार्ड फॉरमॅट करा." अहो, मी कितीवेळा फॉरमॅट करत बसू? कॅमेरा पाठवा म्हणाले, कुरिअरचा खर्च आमचा. नाही पाठवला. परवा बरंच भांडल्यावर एकाने सांगितलं की सेन्सिटिव्हिटी 'लो' करा. हे पहिल्याच फोनला सांगायला काय झालं होतं?

हे झालं रागाचं. आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते.

लायसन्स आल्यावर चिरंजीवांची पाठोपाठ ठोकाठोकी झाली, गेटचा खांब, उभ्या रिक्षाचा आरसा, मग एका टेम्पोला मागून बंपर. विम्याचा क्लेम घेतला नाही, ५० टक्क्यांवर आलेला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एका बंपरपायी कोण घालवणार. पुढं काही झालं तर पुरावा असावा एवढ्याच हिशेबाने कॅमेरा बसवला. पण त्या लॉक झालेल्या क्लिपा डिलीट करायला बसले तेव्हा दिसलं की हायवेच्या क्लिपांमध्ये बऱ्याच ठिकाणी ना खड्डा ना स्पीडब्रेकर. तिथला दणका म्हणजे पोराने करकचून मारलेला ब्रेक. कुठं कुठं थोडक्यात वाचलो त्याची यादीच हातात आली की!

मग जेवणं झाल्यावर टीव्हीला लावून दोघं बघायला लागलो. लिंब खिंडीच्या अलीकडची एक क्लिप होती. "अगं आई, तो एकदम थांबला, मी काय करणार?" मागं घेतली. पुढच्या कारच्या काचेतून तिच्याही पुढच्या ट्रकचे ब्रेक लाईट स्पष्ट दिसतात, कारचे लागायच्या कितीतरी आधी. परत मागं घेतली. पुढची कार रस्त्याकडेच्या एका खांबापाशी पोचली तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळात ४१ सेकंद, आपण पोचलो तेव्हा ४२. म्हणजे मध्ये एकच सेकंद. ६० च्या स्पीडला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर गाडी जाते, आणि बघून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण एवढा वेळ जातो, पुढचा जागीच अडकला असता तर ब्रेक लागायच्या आत आपण त्याच्यात. पोरगा काही बोलला नाही, पुढची क्लिप स्वतः लावून खांब शोधायला लागला. "अंतर ठेव, अंतर ठेव" म्हणून माझा घसा सुकला होता, ते त्याला त्या दिवशी पटलं. आता दोन सेकंद धरतो, पावसात तीन-चार, आणि पुढच्याच्याही पुढं बघतो. खंबाटकीला ट्रकवाल्याच्या आरशात ट्रकवाला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, हे तो आता मला सांगतो. फार बरं वाटतं ऐकून.

त्यामुळं गावात सेन्सर लो वर आणि हायवेला निघताना मीडियमवर, असं चाललंय. कंपनीने लॉक क्लिपांनाही जागेची मर्यादा घालून सगळ्यात जुनी आपोआप पुसायची सोय द्यायलाच पाहिजे, हे एक केलं तर तक्रार संपली. कार्ड मात्र हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच घ्या, साधं स्वस्तातलं सततच्या रेकॉर्डिंगला टिकत नाही, तिथं काटकसर करू नका.

रात्रीचं रेकॉर्डिंग यथातथाच, समोरून हेडलाईट आला की नंबर प्लेट पांढरी फटक. आणि ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या येणार, त्या अंधारात या कॅमेऱ्यालाही दिसायच्या नाहीत. कारखाने बंद होईपर्यंत रात्री कोरेगाव रोडला त्याला एकट्याला गाडी देणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय, थोडा फुगलाय, फुगू दे.